पाण्याच्या रॉकेटची बारा उड्डाणं आणि वहीतला एक नकोसा आकडा



नेट, सेट किंवा पेटची तयारी करणारे बरेच जण मला एकच प्रश्न विचारतात. "ताई, रिसर्च मेथडॉलॉजीचा भाग पाठ होतो. यादृच्छिक त्रुटी, पद्धतशीर त्रुटी, गृहीतक, पूर्वग्रह, सगळ्याच्या व्याख्या येतात. पण प्रत्यक्षात हे कुठे लागतं?" आज व्याख्या बाजूला ठेवू. मार्चमधल्या एका रविवारी आम्ही नऊ जणांनी वर्ध्याजवळच्या एका वावरात पाण्याची रॉकेटं उडवली. त्या तीन तासांत या सगळ्या व्याख्या एकामागून एक समोर आल्या. शेवटी एका आकड्यावरून आमच्यात चांगलंच वाजलं. तो आकडा काय होता, ते येतंच पुढे.

आधी हे मंडळ कुठून आलं ते

२ एप्रिल २०२२ आठवतं का? गुढीपाडव्याची संध्याकाळ होती. विदर्भातल्या अनेकांनी आकाशातून जळत जाणारे तुकडे पाहिले. चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात एक मोठी धातूची रिंग येऊन पडली. त्या रात्री फोनवर उल्का, विमान, क्षेपणास्त्र असे सगळे अंदाज फिरत होते. नंतर अभ्यासकांनी सांगितलं, की तो चिनी रॉकेटचा वातावरणात परत शिरलेला भाग असावा. त्यानंतर आमच्याकडे रॉकेटच्या गप्पा सुरू झाल्या आणि गप्पांमधून हे छोटंसं मंडळ तयार झालं. आम्ही दोघी पीएच.डी. करणाऱ्या, पाच बी.एस्सी.ची मुलंमुली, एक निवृत्त शाळामास्तर आणि सायकल दुरुस्तीचं दुकान असलेले एक दादा. मंडळाला नाव नाही, पावतीपुस्तक नाही. एक वही मात्र आहे.

पाण्याचंच रॉकेट का?

जगात ज्याला मॉडेल रॉकेट म्हणतात ते वेगळं असतं. कागदी नळी, हलक्या लाकडाचे पंख, आत कारखान्यात बनवलेली छोटी घन इंधनाची मोटर, दूरवरून विजेच्या तारेने पेटवणं आणि वर गेल्यावर उघडणारं पॅराशूट. हा छंद अमेरिकेत १९५० च्या दशकात उभा राहिला. ऑर्व्हिल कार्लाइल हे नेब्रास्कातले चपला-बुटांचे दुकानदार. त्यांनी अशी रॉकेटं बनवली आणि जी. हॅरी स्टाइन या रॉकेट अभियंत्याला दाखवली. त्या काळात तिकडची मुलं घरीच इंधन कालवून रॉकेटं करत होती आणि बोटं, डोळे गमावत होती. कार्लाइल-स्टाइन यांच्या कल्पनेचं मोल असं, की मुलांनी इंधनाला हात लावायचाच नाही, मोटर तयार घ्यायची. या मोटरींना अक्षरं असतात. 'ए' मोटरचा एकूण आवेग जास्तीत जास्त २.५ न्यूटन-सेकंद, 'बी'चा ५, 'सी'चा १०. प्रत्येक पुढच्या अक्षराला कमाल मर्यादा दुप्पट.

आपल्याकडे स्फोटक पदार्थ १८८४ च्या कायद्याखाली येतात. त्यांचे परवाने बघणाऱ्या केंद्रीय संघटनेचं, म्हणजे 'पेसो'चं, मुख्यालय आपल्या शेजारी नागपुरातच आहे. त्यामुळे यूट्यूबवर बघून घरी इंधन शिजवण्याचा विचार कुणी करत असेल, तर तो इथेच सोडून द्या. हे कायद्यात बसत नाही आणि जीवावरही बेततं. वर्धा जिल्ह्यातल्या माणसाला हे वेगळं समजवायला नको. २०१६ च्या मे महिन्याच्या शेवटच्या रात्री पुलगावच्या दारूगोळा भांडारात लागलेल्या आगीत सगळी व्यवस्था, प्रशिक्षण आणि शिस्त असूनही माणसं गेली. घन इंधनावरच काम करायचं असेल तर त्याचा रस्ता प्रयोगशाळेतून जातो. पुण्याचे वसंत गोवारीकर थुंब्याला जाऊन घन इंधनावर काम करत होते आणि पुढे विक्रम साराभाई अवकाश केंद्राचे संचालक झाले. तो रस्ता तुम्हालाही मोकळा आहे.

मंडळासाठी मात्र कोल्ड्रिंकची दोन लिटरची बाटली, पाणी आणि सायकलचा पंप एवढं पुरतं. शिकण्याच्या दृष्टीने यात काहीही कमी पडत नाही.

रॉकेट उडतं कसं, थोडक्यात

बाटलीत थोडं पाणी भरायचं, ती उलटी करून स्टँडवर बसवायची आणि खालून हवा भरायची. हवा दाबली जाते, म्हणजे तिच्यात ऊर्जा साठते. सोडलं की हवा पाण्याला खाली ढकलते, पाणी जोरात बाहेर पडतं आणि बाटली वर जाते. न्यूटनचा तिसरा नियम.

आकडे बघा. पंपाच्या काट्यावर ६० पीएसआय, म्हणजे बाहेरच्या हवेपेक्षा साधारण ४ बार जास्त दाब. यावर पाणी सुरुवातीला सेकंदाला सुमारे २८ मीटर वेगाने बाहेर पडतं. बाटलीच्या तोंडाचा आतला व्यास साधारण २१-२२ मिलिमीटर असतो. त्यावरून सुरुवातीचा रेटा २८० न्यूटनच्या आसपास येतो. पाण्यासकट रॉकेटचं वजन फक्त सहा-सात न्यूटन! त्यामुळे एका सेकंदाच्या साधारण दहाव्या भागात सगळं पाणी संपतं. फोनच्या साध्या व्हिडिओत सेकंदाला ३० चौकटी असतात, म्हणजे हा सगळा तमाशा दोन-तीन चौकटींत आटोपतो. पुढची वाट रिकामी बाटली निव्वळ मिळालेल्या वेगावर कापते.

आता प्रश्न असा, की पाणी किती भरायचं? फार कमी भरलं तर मागे फेकायला वस्तुमानच उरत नाही. फार जास्त भरलं तर हवेला जागा कमी, म्हणजे साठलेली ऊर्जा कमी आणि वर ओझं जास्त. मधे कुठेतरी उत्तम बिंदू असणार. बहुतेक पुस्तकं 'बाटलीचा साधारण तिसरा हिस्सा' असं सांगतात. दोन लिटरच्या बाटलीत हे ६७० मिलिलिटरच्या जवळपास येतं. आम्ही हाच प्रश्न घेतला. चार पातळ्या ठरवल्या: ३००, ५००, ७०० आणि ९०० मिलिलिटर. प्रत्येकी तीन उड्डाणं, एकूण बारा.

निघण्याआधी काय ठरवलं

इथून पुढे जरा सावकाश वाचा. संशोधनात लागणाऱ्या बहुतेक सवयी या भागात आहेत.

पहिली गोष्ट, अंदाज आधी लिहिला. आदल्या संध्याकाळी प्रत्येकाने वहीत लिहून सही केली, की कोणती पातळी जिंकेल. नऊपैकी सात जणांनी ७०० लिहिलं. मीही त्यातलीच. आपल्याला काय हवं आहे हे कागदावर आलं, की पुढे ते हवं तसं निघालं तर आपोआप सावध होता येतं.

दुसरी गोष्ट, क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवला. मागच्या वर्षी आम्ही आधी ३०० ची तिन्ही, मग ५०० ची, असं ओळीने उडवलं होतं. आपल्याकडे मार्चमध्ये सकाळी सहा-सातला वारा पडलेला असतो आणि ऊन चढलं की वाढतो. शेवटी ९०० ची उड्डाणं आली तेव्हा वारा सुटला होता. ती कमी उंच गेली, पण पाण्यामुळे की वाऱ्यामुळे ते सांगताच येईना. अख्खा दिवस वाया गेला. चिठ्ठ्यांनी वारा थांबत नाही, पण तो एकाच पातळीच्या वाट्याला येत नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे सुरक्षा. फक्त कोल्ड्रिंकची बाटली वापरायची, कारण ती दाब सहन करायला बनवलेली असते. साध्या पाण्याची पातळ बाटली अजिबात नको. ओरखडा किंवा घडी पडलेली बाटली बाद. नवी बाटली आधी काठोकाठ पाण्याने भरून दाब देऊन तपासायची. पाणी दबत नाही, म्हणून बाटली फुटली तरी ती बॉम्बसारखी फुटत नाही. ६० पीएसआयच्या वर काटा न्यायचा नाही. सोडताना दहा मीटर लांबून दोरी ओढायची, आणि दाब भरलेल्या बाटलीवर कुणीही वाकायचं नाही. दादांनी प्लंबिंगच्या पाइपचा आणि केबल टायचा स्टँड बनवला होता. हवेसाठी सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह लावला होता.

शेतमालकांची परवानगी आधीच घेतली होती आणि पोलीस पाटलांच्याही कानावर घातलं होतं. हरभरा निघालेलं मोकळं वावर. काकांची एकच अट होती, "बाजूच्या गव्हात पडलं तर तुडवत जाऊ नका जी, मी आणून देतो." त्या दिवशी ते दोनदा गव्हात गेले.

उंची मोजायची कशी?

सगळ्यात सोपी पद्धत आपण दहावीत शिकलो आहोत. कोनमापकाला स्ट्रॉ चिकटवा, मध्यातून दोऱ्याने ओळंबा सोडा. रॉकेटपासून ५० मीटरवर उभं राहा, स्ट्रॉमधून सर्वात वरच्या बिंदूकडे बघा, दोरा जागेवर दाबून धरा आणि कोन वाचा. उंची म्हणजे अंतर गुणिले कोनाचा टॅन, अधिक तुमच्या डोळ्याची उंची.

पण यात एक मेख आहे. हे सूत्र धरून चालतं, की रॉकेट सरळ डोक्यावर गेलं. प्रत्यक्षात ते वाऱ्याने सरकतं. आमचं ५०० मिलिलिटरचं पहिलं उड्डाण घ्या. वाऱ्याच्या ओळीतच, स्टँडच्या दोन बाजूंना ५०-५० मीटरवर दोघं जण उभे होते. एकाने ४३ अंश वाचला, दुसऱ्याने ३५. एकट्या पहिल्यावर विश्वास ठेवला तर उंची ४६.६ मीटर, एकट्या दुसऱ्यावर ठेवला तर ३५ मीटर. दोघंही प्रामाणिक आहेत आणि दोघंही चुकतायत! रॉकेट पहिल्याकडे सरकलं होतं, म्हणून त्याला ते जास्त उंच भासलं.

दोघांचे कोन एकत्र वापरले तर हा घोळ सुटतो. दोन्ही कोनांचे कॉट काढा, बेरीज करा आणि दोघांमधल्या एकूण अंतराला त्या बेरजेने भागा. इथे १०० भागिले (१.०७ अधिक १.४३), म्हणजे ४० मीटर. डोळ्याची उंची दीड मीटर मिळवा, झाले ४१.५. रॉकेट सात मीटर सरकलं होतं हेही याच आकड्यांतून निघतं. करून बघा, दोन ओळींचं गणित आहे.

हाताने धरलेल्या कोनमापकाने वाचलेला कोन एक-दोन अंशांनी इकडेतिकडे होतोच. प्रत्येक कोनात दोन अंशांची अनिश्चितता धरली तर उंचीत साधारण २ मीटरची येते. म्हणून वहीत '४१.५' न लिहिता '४२, अधिक-उणे २' लिहिलं. हा 'अधिक-उणे' नीट लक्षात ठेवा, शेवटी सगळा निकाल त्यावरच फिरणार आहे.

दोन जागांहून कोन घेण्याची ही युक्ती फक्त शाळेची नाही. २१ नोव्हेंबर १९६३ ला केरळातल्या थुंब्याहून भारतातून पहिलं अवकाश-संशोधन रॉकेट उडालं. ते अमेरिकन बनावटीचं 'नायके-अपाचे' होतं आणि त्यात सोडियमची वाफ होती. अशा प्रयोगात संधिप्रकाशात चमकणाऱ्या त्या वाफेच्या ढगाचे फोटो जमिनीवरच्या वेगवेगळ्या ठिकाणांहून घेतात, आणि कोनांवरून ढग कुठे, किती उंचीवर सरकतोय ते काढून वरच्या हवेतला वारा मोजतात. भूमिती तीच. आम्हाला नको असलेला वारा हाच त्यांचा मोजायचा विषय.

दुसरी पद्धत, आणि आठ-नऊ मीटरची तफावत

आमच्यातल्या एका मुलाने विचारलं, "कोन कशाला? व्हिडिओवरून खाली यायला लागलेला वेळ मोजू. उंची बरोबर अर्धा गुणिले ९.८ गुणिले वेळेचा वर्ग." चांगली कल्पना. त्याच उड्डाणाचा वरून खाली येण्याचा वेळ ३.२ सेकंद निघाला. सूत्रात टाकला, उंची ५० मीटर.

कोन सांगतात ४२, वेळ सांगतो ५०. कोणाचं ऐकायचं?

मग आम्ही बाकी उड्डाणांवरही हेच करून पाहिलं. प्रत्येक वेळी वेळेवरून आलेली उंची जास्तच, एकदाही कमी नाही. हीच पद्धतशीर त्रुटीची खूण. यादृच्छिक त्रुटी कधी वर ढकलते, कधी खाली, आणि सरासरी घेतली की कमी होते. पद्धतशीर त्रुटी एकाच बाजूला ढकलते, हजार वेळा मोजलं तरी जात नाही. इथे कारण सरळ आहे. ते सूत्र निर्वातातलं. दीडशे ग्रॅमच्या रिकाम्या बाटलीला हवा चांगलीच अडवते, ती सावकाश पडते, वेळ जास्त लागतो आणि सूत्राला वाटतं की उंची जास्त होती. हवेचा रोध धरून गणित केलं तर ३.२ सेकंद साधारण ४१ मीटरशीच जुळतात. दोन पद्धती जुळल्या नाहीत तेव्हा आम्हाला हवेबद्दल काहीतरी कळलं. एकाच पद्धतीने मोजलं असतं तर चूक आहे हेही कळलं नसतं.

आता तो आकडा

पावणेदहापर्यंत बारा उड्डाणं झाली. ऊन चटकायला लागलं होतं. बांधावरच्या बाभळीखाली डबे उघडले आणि वहीतले आकडे मोठ्याने वाचले. सगळे मीटरमध्ये:

३०० मिलिलिटर: ३३, ३५, ३१. सरासरी ३३.
५०० मिलिलिटर: ४२, ३८, ४०. सरासरी ४०.
७०० मिलिलिटर: ४२, ४१, २९. सरासरी ३७ च्या थोडी वर.
९०० मिलिलिटर: ३०, ३३, ३०. सरासरी ३१.

म्हणजे ५०० जिंकलं. आणि पुस्तकातला 'तिसरा हिस्सा', ज्यावर आम्ही सात जणांनी सही केली होती, तो हरला. का? तर त्या २९ मुळे. तो काढला तर ७०० ची सरासरी ४१.५ होते आणि ७०० जिंकतं.

लगेच आवाज सुरू झाले. "ते उड्डाण तिरकं गेलं होतं, मी पाहिलं." "स्टँड हलला होता बहुतेक." मी स्वतः म्हणाले, "व्हिडिओ बघू. तिरकं दिसलं तर काढून टाकू." व्हिडिओ पाहिला. खरंच, सुटतानाच रॉकेट झुकलं होतं. मी पेन काढलं.

तेवढ्यात बी.एस्सी. दुसऱ्या वर्षाची मुलगी म्हणाली, "ताई, पण बाकीच्या अकरांचे व्हिडिओ आपण पाहिलेच नाहीत ना?"

खरं सांगते, मला राग आला. भूक लागली होती आणि उत्तर हातात आलं होतं. पण तिचं म्हणणं इतकं बरोबर होतं की बोलता येईना.

माझी जुनी चूक

हे ऐकून मला इतकं का लागलं, ते सांगते. एम.एस्सी.च्या प्रोजेक्टमध्ये मी पातळ फिल्मचा विद्युत रोध तापमानानुसार मोजत होते. सात नमुने होते. सहा एका रेषेत बसले, सातवा बसेना. मी ठरवलं, की त्याचा कॉन्टॅक्ट ढिला असणार. तो बिंदू काढला, आलेख सुंदर दिसला, मार्क चांगले मिळाले.

पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षी तोच नमुना पुन्हा बनवायची वेळ आली. माझीच कृती, माझाच हात, पण आकडे सहांच्या जवळ यायलाच तयार नाहीत. ते सारखे त्या सातव्याच्या आसपास येत होते. चार महिने मी भट्टी, रसायनं, मीटर सगळ्यांवर संशय घेतला. शेवटी जुनी वही काढली. मोजमापाच्या दिवशीच्या पानावर कॉन्टॅक्टबद्दल एक शब्द नव्हता. 'कॉन्टॅक्ट ढिला' हे मी आलेख काढल्यानंतर, दुसऱ्या शाईने लिहिलं होतं. म्हणजे कारण आधी सापडलं नव्हतं, बिंदू नको होता म्हणून कारण शोधलं होतं. सहा नमुने एकाच दिवशी एका बॅचमध्ये केलेले होते, सातवा वेगळ्या दिवशीचा. बिघडलेला नमुना सातवा नव्हताच, ती बॅच होती. चार महिन्यांची फेलोशिप त्यात गेली. आणि मी खोटं बोलले असं मला तेव्हा एकदाही वाटलं नव्हतं. यातला खरा धोका हाच आहे.

मग वावरात काय केलं

पेन खाली ठेवलं. आधी नियम लिहिला: सुटल्यानंतरच्या पहिल्या दहा चौकटींत रॉकेट उभ्या रेषेपासून दहा अंशांपेक्षा जास्त झुकलं, तर ते 'तिरकं' धरायचं. दोन फोन काटकोनात लावलेले होते, त्यामुळे दोन्ही बाजूंनी बघता येत होतं. मास्तरांना आकडे माहीत होते, म्हणून त्यांनी सगळे व्हिडिओ नुसते क्रमांक देऊन सरमिसळ केले. तपासायला बसवलं ते दादांना. ते सगळा वेळ पंपाशी होते, कोणता व्हिडिओ कोणत्या उंचीचा हे त्यांना ठाऊक नव्हतं.

दादांनी तीन उड्डाणं तिरकी ठरवली. एक ७०० मधलं ते २९. दुसरं ५०० मधलं ३८. आणि गंमत बघा, तिसरं ९०० मधलं ३३, म्हणजे त्या गटातलं सर्वात उंच! तिरकं म्हणजे कमीच, हे आम्ही मनात धरलं होतं तेही पूर्ण खरं नव्हतं.

नियम सगळ्यांना सारखा लावला. ३०० ची सरासरी ३३ च राहिली. ५०० ची ४१, ७०० ची ४१.५, ९०० ची ३०.

आता सांगा, कोण जिंकलं? फरक अर्ध्या मीटरचा. आमच्या एका मोजमापाचीच अनिश्चितता २ मीटर. म्हणजे कुणीच नाही. वहीत आम्ही निष्कर्ष असा लिहिला: "३०० आणि ९०० मिलिलिटर स्पष्टपणे कमी. ५०० आणि ७०० मध्ये आमच्या मोजमापांवरून फरक सांगता येत नाही. बारा उड्डाणं धरून आणि तीन तिरकी वगळून, दोन्ही सरासरी खाली दिल्या आहेत." त्याखाली सर्व बारा आकडे. २९ सुद्धा. त्यावर रेघ नाही, शेजारी 'तिरकं' अशी खूण आहे.

एकाला हे आवडलं नाही. "एवढं करून उत्तर नाहीच का मिळालं?" मिळालं ना. उत्तम बिंदू ३०० आणि ९०० च्या मध्ये आहे, आणि ५०० ते ७०० या पट्ट्यात उंची फारशी बदलताना दिसत नाही. पुस्तकातलं 'साधारण तिसरा हिस्सा' यातलं 'साधारण' किती रुंद आहे, ते आम्हाला कळलं. पुढच्या वेळी काय करायचं तेही कळलं: ३०० आणि ९०० सोडून द्यायचे, ५००, ६०० आणि ७०० वर प्रत्येकी किमान आठ उड्डाणं करायची, आणि स्टँडला चार खुंट्या ठोकायच्या.

तुम्ही काय कराल

प्रयोगशाळा मिळायची वाट बघू नका. या उन्हाळ्यात एक छोटा प्रश्न घ्या, पाण्याचं रॉकेट असो, माठातल्या पाण्याचं तापमान असो. करायच्या आदल्या दिवशी वहीत तीन ओळी लिहा: मला काय निघेल असं वाटतं, कोणत्या क्रमाने मोजणार, आणि कोणतं मोजमाप कोणत्या कारणाने बाद धरणार. मग मोजा. तिसरी ओळ सर्वात अवघड जाते, कारण तोवर नको असलेला आकडा समोर आलेला नसतो. पण तो आल्यावर ती ओळ प्रामाणिकपणे लिहिणं जवळजवळ अशक्य असतं. मला तरी जमलं नव्हतं.

मुलाखतीत कुणी 'पूर्वग्रह म्हणजे काय' विचारलं, तर व्याख्या सांगाच. पण तुमच्या वहीत खोडावासा वाटलेला आणि तरीही न खोडलेला एक आकडा असेल, तर त्याची गोष्टही सांगा.

आमचं पुढचं उड्डाण पावसाळ्यानंतर, वावर पुन्हा मोकळं झालं की. ६०० मिलिलिटरवर माझी सही आधीच झाली आहे.